केरसुणीतला हिरा

४ नोव्हेंबर, सोमवार

मग मी केरसुणी सोडली. दोरी दातांनीच तोडली, कात्री शोधायचं सुचत नव्हतं. एकेक काडी फरशीवर पसरून पाहिली. त्याआधीची सकाळ रोजच्यासारखीच होती. साडेपाचला नळ आला, पिंप भरलं. दूध तापवलं. ह्यांचा डबा, मुग्धाच्या दोन वेण्या, देवाची फुलं, कपडे भिजवणं, तांदूळ निवडणं, केर, आणि मग फरशी पुसताना उजव्या कानाला हात लागला तर कुडीला खळगा. कुडीत सात हिरे, मधे एक आणि भोवती सहा. भोवतीच्यातला एक नव्हता. पुसायचं फडकं पिळून पाहिलं, न्हाणीच्या जाळीवरचे केस उचकटले, निवडलेले तांदूळ परत निवडले, शेवटी केरसुणी. नव्हता.

ही छत्तीस वर्षांपूर्वीची सकाळ. आज आठवायचं कारण, आता डाव्या कुडीतला एक हिरा गेला. दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावर चढले तेव्हा गेला की रिक्षाने मांजलपूरला मुग्धाकडे गेले तेव्हा, देव जाणे. या वेळी केरसुणी सोडली नाही. आता केरसुणी प्लास्टिकची आहे आणि मी सत्तर वर्षांची.

तेव्हा सासूबाई आठ दिवस इंदूरला गेल्या होत्या. कुड्या त्यांच्या. त्यांचे सासरे गायकवाडी राज्यात महसूल खात्यात होते, त्या वेळचा दागिना. सासूबाई ओरडत नसत. पण झालेली चूक दरवर्षी एकदा, चार माणसांत, शांतपणे सांगत. माझ्या हातून खीर करपली होती ती त्यांनी बारा वर्षं पुरवली. हिरा किती वर्षं पुरवला असता त्याचा हिशेब नको. मी रडून घेतलं आणि कुडी ह्यांच्याकडे ठेवायला दिली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी हे बँकेतून आले, खिशातून कुडी काढली. सातही हिरे जागेवर. म्हणाले, "केरसुणीत होता. सकाळी केर काढताना पायाशी चमकला. तसाच सोनाराकडे नेला आणि बसवून आणला." ह्यांनी जन्मात केर काढला नव्हता, तो नेमका त्या दिवशी काढला! आणि बसवण्याआधी मला दाखवायचा तरी. तेही नाही.

पुढे ती ह्यांची आवडती गोष्ट झाली. बारसं असो, वास्तुशांत असो, जेवणं झाली की सुरू. "आमच्या लीलाबाईंना डोळे आहेत, पण ते केरसुणीपर्यंत पोचत नाहीत." मी दर वेळी सांगायची, "मी काडी न् काडी पाहिली होती." लोक आणखी हसायचे.

ही वही म्हणजे ह्यांच्या कपाटातली बँकेची डायरी, २००९ सालची, कोरी. दरवर्षी एक मिळायची आणि हे ती चांगल्या कामासाठी म्हणून जपून ठेवायचे. चांगलं काम काही निघालं नाही. अशा अकरा आहेत. वार चुकतात, खोडून लिहिते. पूर्वी वैतागले की ह्यांना सांगायची, हे "हं" म्हणायचे. हे जाऊन येत्या फाल्गुनात दोन वर्षं होतील. "हं" म्हणायला कोणी नाही, म्हणून कागद.

मुग्धाच्या अबोलीचं लग्न आठ डिसेंबरला. कुड्या तिला द्यायच्या, हे ह्यांनीच ठरवून ठेवलेलं. एक बारीक हिरा विकत घ्यायचा आणि बसवायचा, एवढंच काम. पण दिवाळीनंतरच्या लाभपाचमेपर्यंत बडोद्यात सोनार दुकान उघडेल तर शपथ.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

परवा लाभपाचमेला दुकान उघडलं ते पूजेपुरतं. "साल मुबारक मासी, पेंडो खाओ, परम दिवसे आवजो." दोन दिवसांनी या म्हणे. खाल्ला पेढा. तरसालीहून मांडवीपर्यंतचा बसप्रवास एका पेढ्यासाठी.

आज परत गेले. दुकानात हल्ली सोनाराचा मुलगा बसतो, विहंगभाई. पस्तिशीचा असेल. माणूस वाईट नाही, पण विकताना श्वास घेत नाही. चार पुड्या उलगडल्या, त्यातला एक हिरा चिमट्याने उचलून म्हणाला, "आ लो मासी. एकदम व्हाइट, फ्लोरो नन."

"फ्लोरो म्हणजे काय?"

"ए तमारे जाणवानी जरूर नथी."

मला जाणून घ्यायची जरूर नाही असं ज्याला ज्याला म्हणतात, ते मला आधी कळून घ्यायचं असतं. मी खुर्ची ओढून बसले. तो हसला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं, दिवे घालवले आणि एक बोटभर जांभळा टॉर्च लावला. काळ्या कापडावर दोन हिरे ठेवले होते. एक तसाच, काळा राहिला. दुसरा निळा झाला, गॅसच्या ज्योतीसारखा निळा. टॉर्च घालवला की निळा गेला.

तो म्हणाला, हाच फ्लोरोसन्स. काही हिऱ्यांत असतो, काहींत नसतो. खाणीतूनच तसे येतात. असलेला स्वस्त, नसलेला महाग, म्हणून मी तुम्हाला नसलेला दाखवतो. मी पर्समधून डावी कुडी काढून टॉर्चखाली धरली. उरलेले सहाच्या सहा निळे!

"मासी! आ तो बधा झगारा मारे छे."

"मग सहा निळ्यांत एक काळा बसवू?"

"टॉर्च लईने कोण जोवानुं छे?"

टॉर्च लावून बघणारं कोणी नाही, खरं. पण मी कुडी आणि त्याचा हिरा घेऊन दुकानाच्या पायरीवर गेले. उन्हात माझे हिरे पांढरेस्वच्छ, त्याच्याहून एक रेघ निळसर. आत येऊन दुकानाच्या दिव्यात धरले तर माझे किंचित पिवळट आणि त्याचा पांढरा. म्हणजे माझे हिरे मुळात पिवळटच आहेत. उन्हात तो छुपा निळा जागा होतो आणि पिवळं झाकतो. त्याचा हिरा उन्हातही तसाच, आतही तसाच. एका उजेडात जोडी जमणार आणि दुसऱ्यात उघडी पडणार. मला पिवळट आणि निळा होणारा, असाच हवा. हे मी सांगितलं तर विहंगभाईने कपाळाला हात लावला. लोक हा दोष काढून मागतात, मासी, तुम्ही घालून मागता! सुरतेला विचारतो म्हणाला. डावी कुडी ठेवून आले, कारण हिरे धरणारे काटेही घासलेत.

निघताना म्हणाला, हा टॉर्च काही निराळा नाही, बँकेत नोटा तपासतात तोच उजेड.

बँकेतल्या त्या दिव्याचं मला कौतुक नको. अठ्ठ्याण्णव साली असेल, खंडेराव मार्केटातून येताना घराची किल्ली न्यायची राहिली म्हणून ह्यांच्या शाखेत शिरले. कॅशच्या खिडकीशी वाकून म्हटलं, "किल्ली द्या हो." हे जांभळ्या दिव्याखाली नोट धरून बसले होते. मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि चेहराच उतरला. खटकन दिवा घालवला. "लीला, इथे नको. बाहेर बाकावर बस." शेजारच्या खिडकीतले जयसिंगराव बघत होते. माझी साडी पायाशी भिजलेली, पिशवीतून मेथी डोकावतेय, आणि शिक्षण नववी. समजायचं ते मी समजले. त्यानंतर हे निवृत्त होईपर्यंत मी त्या दारातून आत गेले नाही. बाहेरच्या बाकावर बसायची. लायब्ररीचं पुस्तक न्यायला लागले ते त्या बाकावर बसून काय करायचं म्हणून.

१० नोव्हेंबर, रविवार

काल सेंट्रल लायब्ररीत जाऊन विश्वकोश काढला, आज अबोलीने फोनवर दहा पानं पाठवली. दोन्ही वाचून डोकं उठलं आहे.

कळलं ते असं. शंभरातल्या पंचवीस-तीस हिऱ्यांत कमीजास्त हा गुण असतो, बहुतेकांत निळा. प्रयोगशाळेच्या कागदावर त्याच्या पायऱ्या लिहितात: नाही, पुसट, मध्यम, तीव्र, अतितीव्र. एक म्हणतो, दोष आहे, घेऊ नका. दुसरा म्हणतो, पिवळट हिऱ्यात असला तर उलट फायदा. तिसरा म्हणतो, अतितीव्र असला तर क्वचित हिरा दुधाळ दिसतो, तेवढं उन्हात धरून बघा. चौथा म्हणतो, लोक घेत नाहीत म्हणून स्वस्त. लोक का घेत नाहीत? तर स्वस्त आहे म्हणून शंका येते. हे शिकलेल्या लोकांनी लिहिलंय.

आणि कुणीच पहिल्या ओळीत सांगत नाही ते मी शोधून काढलं: निळा होतो म्हणून हिरा खरा ठरत नाही आणि होत नाही म्हणून खोटा ठरत नाही. खरंखोटं बघायला निराळं यंत्र असतं. हे लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

विहंगभाईने फोन करून उजवी कुडीही मागवली. तिचेही काटे बघतो आणि रंग जुळवायला दोन्ही लागतील म्हणाला. मुग्धा ॲक्टिव्हावरून घेऊन गेली. वाटेत तीनदा म्हणाली, "आई, नवीनच घेऊया ना एक जोड." मी मागे बसून ऐकू न आल्यासारखं केलं, हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही हे बरं असतं.

शटर, दिवे, टॉर्च. उजवी कुडी कापडावर. निळा, निळा, निळा, निळा, निळा, निळा. आणि एक काळा.

विहंगभाईने कुडी फिरवली. परत तेच. टॉर्च हातावर आपटून बघितला. मी म्हटलं, सेल गेले असतील. त्याने टॉर्च डाव्या कुडीवर धरला, तिथे सहाही निळे.

मुग्धा बोलली. "काच असेल. आई, हा तोच ना, केरसुणीवाला?"

जागा तीच. मधल्याच्या खाली डावीकडे. तो खळगा माझ्या बोटाला पाठ आहे.

"बाबांना त्या सोनाराने बनवलं," मुग्धा म्हणाली. "खरा ठेवून घेतला आणि काच लावून दिली. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"काही नाही."

मी तिला चांगलंच झापलं, परक्या दुकानात. निघताना विहंगभाईला विचारायचं ते यंत्राचं विचारलंच नाही. लाल पेनाने अधोरेखित केलेलं पान पर्समध्ये होतं आणि मी ते उघडलं नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

नाहीतर काय, नाहीतर ह्यांनीच विकला, हे मलाही सुचलंय. सुचलं याचाच राग येतोय.

आज ह्यांचं काही धड आठवत नाही, वैतागवाणं तेवढं आठवतं. अठ्ठ्याऐंशी साली स्कूटरचा नंबर लागला होता. चार वर्षं वाट बघून लागलेला. ऐन वेळी म्हणाले, पाठ दुखते, नको स्कूटर. पाठ कसली दुखते, रविवारी क्रिकेट खेळायला जात होते. मी मुग्धाला घेऊन पुढची कितीतरी वर्षं सयाजीगंजच्या बसला लोंबकळले. विचारलं तर "हं".

आणि आता हे. खरा हिरा कुठे गेला असं विचारायला माणूस नाही. विचारलं असतं तरी "हं"च आलं असतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

विहंगभाईच्या टॉर्चवर माझा विश्वास नाही. दुकानात जाऊन उजवी कुडी मागून आणली. त्याला सांगितलं, देवाला दाखवायची आहे. अबोलीने पाठवलेल्या पानांत वाचलं होतं की माशा मारायच्या दिव्यातही असलाच उजेड असतो. नाक्यावरच्या फरसाणवाल्याकडे तो निळा दिवा आहे, जलेबीच्या वर.

पावशेर पापडी सांगितली आणि तो तोलायला वळला तशी मी कडेच्या स्टुलावर चढून कुडी ओंजळीत धरून दिव्याखाली नेली.

"मासी! मासी! आ तो माखी मारवानुं मशीन छे, हाथ ना नाखता!"

सगळं दुकान बघायला लागलं. एका बाईने मला कमरेला धरून खाली उतरवलं, तिला वाटलं मला चक्कर आली. एकाने पाणी आणलं. फरसाणवाला म्हणाला, मासी, काय शोधताय? मी म्हटलं, माझा नवरा. म्हणजे तसं म्हणायचं नव्हतं, तोंडातून गेलं. त्याने पापडीचे पैसे घेतले नाहीत. उद्या जाऊन देऊन येईन.

सहा निळे. एक काळा.

१८ नोव्हेंबर, सोमवार

एकटीच गेले. मुग्धाला सांगितलं नाही. विहंगभाईला म्हटलं, आता यंत्र काढ. त्याने पेनसारखं यंत्र हिऱ्याला टेकवलं, ते चिरकलं. "साचो छे, मासी. सो टका साचो." उरलेल्या सहांनाही टेकवलं. सगळे खरे.

हुश्श म्हणून मी उठायला लागले, तर त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढेना. मग मला लावायला दिलं. म्हणाला, मासी, या सहांचे पैलू बघा, जाडे, कमी, हातघडीचे. शंभर वर्षांपूर्वी असे करायचे. हा सातवा बघा. बारीक, मोजून केलेले पैलू, सुरतेचं काम. हा त्यांच्या घराण्यातला नाही. हा चाळीसेक वर्षांत कोणीतरी विकत घेऊन बसवलेला आहे. चांगला घेतलाय. रंग बघून, किंचित पिवळट शोधून घेतलाय. असा शोधायला वेळ लागतो. दिवसा उघड्या डोळ्यांनी जुळतो. फ्लोरोचं त्या वेळी कोण बघत होतं?

मी भिंग परत दिलं. कुडी त्याच्याकडेच ठेवली.

येताना बसमध्ये विचार केला. सोनाराने खरा ठेवून घेतला असता तर बदल्यात एवढा शोधून, खरा कशाला दिला असता? चोर असं करत नाही. मग केलं कुणी, आणि का? माझं डोकं इथे येऊन थांबतं. मी केरसुणी बघितली होती, एवढं मात्र मला माहीत आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले. पेन्शनवालीने नोव्हेंबरात जाऊन मी मेले नाही असं सांगायचं असतं. गेल्या वर्षी मुग्धाने फोनवरून करून दिलं होतं, या वर्षी फोनला माझा चेहरा पसंत पडला नाही. ह्यांचीच शाखा. बाहेरचा बाक अजून आहे, रंग बदललाय.

आत खुर्च्या भरलेल्या. मला कॅशच्या खिडकीशीच उभं केलं. देवश्री नावाची पोरगी आहे, गोड आहे, म्हणाली, "आजी, दोन मिनिटं हं, यांचं झालं की अंगठा घेते." पुढच्या माणसाच्या नोटा ती एकेक करून जांभळ्या दिव्याखाली धरत होती. मी घाम पुसायला रुमाल काढला. पांढरा, साधा. खिडकीवर हात टेकला तर रुमाल निळा पेटला. साबणातल्या पावडरीने होतं तसं, हेही मी परवाच वाचलं.

मी रुमालाकडे बघत राहिले आणि हात आपोआप कानाकडे गेला. कान मोकळा होता.

हे माझ्या साडीकडे बघत नव्हते. मेथीकडेही नाही. मी उजवीकडून वाकले होते. हे माझ्या कानाकडे बघत होते.

सहा निळे आणि एक काळा, हे ह्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं असणार. ह्यांना तरी कुठे ठाऊक होतं! आणि शेजारी जयसिंगराव, ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. दिवा घालवला. मला बाहेर बाकावर बसवलं. पुढची सोळा वर्षं बसवलं.

"आजी, अंगठा," देवश्री म्हणाली. तीनदा अंगठा घेतला, तिन्हीदा उमटला नाही, माझं लक्ष त्या दिव्याकडे. तिने विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, राग आलाय. "कुणाचा?" म्हटलं, "आहे एक. याच खिडकीत बसायचा."

बाहेर येऊन बाकावर बसले. अर्धा तास.

म्हणजे केरसुणीत काही नव्हतं! मी म्हणत होते तेच खरं होतं. हिरा गेला तो गेलाच. ह्यांनी सहा दिवसांत दुसरा शोधून आणला, सासूबाई यायच्या आत. त्याच साली ह्यांची पाठ दुखली होती, स्कूटर नको म्हणाले होते. आणि ह्यांना सांगायला सुचलं काय, तर केरसुणी. दुसरं काही सुचलं नाही? गादीखाली म्हणायचं, उंबऱ्यात म्हणायचं. नेमकं मी काडी काडी बघितलेलं तेच.

बरं, सासूबाई चौऱ्याण्णव साली गेल्या. मग तरी सांगायचं. सांगितलं नाही, कारण तोवर सगळ्या नातेवाइकांत ती गोष्ट सांगून झाली होती आणि हशाही मिळाला होता. भिडस्त माणूस. एकदा सांगितलेलं मागे घेता येईना, म्हणून मग सांगतच सुटला. छत्तीस वर्षं मी आंधळी. त्यातली सोळा वर्षं मी नववी पास म्हणून बाकावर.

घरी येऊन ह्यांच्या फोटोची काच पुसली. जोरात पुसली. पुसताना जे बोलायचं ते बोलले. इथे लिहीत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

शुक्रवारी संध्याकाळी मुग्धा आणि अबोली आल्या होत्या, लग्नाच्या याद्या घेऊन. मी चहा टाकला तेवढ्यात विहंगभाईचा फोन. मुग्धाने तो मोठ्याने लावला.

"मासी, सुरतथी बे नंग आव्या छे! पिवळट पण, निळे पण. तमे कह्युं तेवा ज." त्याचं म्हणणं असं, की एक डावीत बसवू आणि दुसरा उजवीत, तो काळा काढून टाकू. चौदाच्या चौदा एकसारखे. काढलेला तो ठेवून घेईल आणि वर मला काही द्यावं लागणार नाही, कारण बिननिळ्याचा भाव चढा. त्याने चांगलंच सांगितलं. दोन आठवड्यांपूर्वी मी हेच मागितलं होतं आणि त्यासाठी त्याचं डोकं खाल्लं होतं.

"झालं की मग," मुग्धा म्हणाली. "आई, हो म्हण. पोरीला देताना एकसारखं द्यावं."

अबोली याद्या बाजूला ठेवून म्हणाली, "पण आजी, काढायचा तो केरसुणीवालाच ना? आजोबांचा?"

"तोच तो," मुग्धा हसली. "आजीला दिसला नव्हता तो." आणि पाठोपाठ ह्यांचा आवाज काढून, मान तिरकी करून, "आमच्या लीलाबाईंना डोळे आहेत..."

"पण ते केरसुणीपर्यंत पोचत नाहीत!" अबोलीने पुरं केलं. दोघी हसल्या. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या, कारण आता माझं वाक्य होतं. मी काडी न् काडी पाहिली होती. लग्नात, बारशात, सगळीकडे ह्यानंतर माझं ते वाक्य येतं.

फोनवर विहंगभाई हॅलो हॅलो करत होता. चहा उतू जाईल म्हणून मी गॅस बारीक केला.

"केरसुणीतच होता," मी म्हटलं. "मी घाईत होते. नीट बघितलं नव्हतं."

मुग्धाच्या हातातली यादी तशीच राहिली. "आई, तुला बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय? कप काढ."

अबोलीने कप काढले. मी विहंगभाईला म्हटलं, उजवीला हात लावू नकोस, उद्या येते. तो काही म्हणत होता, फोन बंद करून टाकला. चहा झाला. चांगला झाला होता. मग याद्या केल्या. मुग्धाकडच्या यादीत जयसिंगरावांचं नाव राहिलं होतं, ते मी घालायला लावलं. त्यांना बोलवायचं आणि पहिल्या रांगेत बसवायचं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी बसने मांडवीला गेले आणि डाव्या कुडीत उजवीतल्यासारखाच एक बिननिळा हिरा बसवून आणला.